वेल्डनच्या गॅरेजचं दार

ओक्लाहोमातल्या विजा वरवर चमकून निघून जाणाऱ्यातल्या नव्हेत. त्या पत्ता विचारत येतात. एकदा एक वीज क्लोव्हिस हॅचच्या घरात टीव्हीतून शिरली, जाता जाता तिनं फ्रिजमधली अंडी उकडली आणि त्याच्या विजेवर चालणाऱ्या पांघरुणात अशी मुरली, की नाताळपर्यंत त्याला प्लग लावावा लागला नाही. खोटं वाटत असेल तर क्लोव्हिसला विचारा. तो तर म्हणतो, अंड्यांना मीठही बेताचं लागलं होतं.

अशा गावात वेल्डन प्रूइटचा जीव गॅरेजच्या छताला टांगलेला होता. म्हणजे दार उघडणाऱ्या मशीनमध्ये अडकलेला होता. ज्या वर्षी धान्याच्या कोठारात त्याचा खांदा निखळला, त्या वर्षी त्याच्या बायकोनं, नदीननं, ते आणलं. गल्लीतलं पहिलंच. ते बसवलं त्या दिवशी शेजारीपाजारी घडीच्या खुर्च्या घेऊन आले आणि दार वर जाताना, खाली येताना बघत बसले. इमोजीन टार्व्हरनं सगळ्यांना खायला पीचच्या फोडी घालून भाजलेलं गोड कॉब्लर आणलं होतं. ते संपलं तरी कुणी उठेना.

त्यानंतर रिवाजच पडला. आभाळ हिरवट झालं की गल्ली वेल्डनच्या गॅरेजात जमायची. दार सताड वर, हातात थंडगार चहा आणि समोर वादळ. पहिला गडगडाट व्हायच्या आत नदीन छत्रीची मूठ अडकवून मशीनचा प्लग ओढून काढायची आणि आभाळाकडे बघून विजेला म्हणायची, "हं, आता ये. बघू काय करतेस ते." मग मंडळी एकेका विजेला गुण द्यायची. "ही अगदीच मेंगळट!" "ही बघ, हिनं चर्चच्या कळसाचा मुका घेतला!"

पण हळूहळू घरोघरी तसली मशीनं आली. गाडी रस्त्यावर असतानाच दार उघडायचं, गाडी गिळायचं आणि मिटायचं. माणसांचे चेहरे दिसेनासे झाले. कोपऱ्यावरच्या घरात कुणी नवीन जोडपं आलं होतं. वेल्डन त्यांना त्यांच्या गाडीच्या रंगावरून ओळखायचा. निळे.

मग नदीन गेली.

मशीन राहिलं. ती बाजारातून परतली की आधी साखळीचा खडखडाट व्हायचा आणि स्वयंपाकघरात वेल्डन कॉफीखालची आच वाढवायचा. आता रोज संध्याकाळी तो दारापाशी उभा राहून स्वतःच बटण दाबी आणि दार उगाच एकदा वर-खाली करी. तेवढा वेळ घरात कुणी आल्यासारखं वाटायचं. त्या मशीनचे सुटे भाग आता कुठंच मिळत नव्हते. ते जळालं तर तो आवाज पुन्हा ऐकू येणार नव्हता.

म्हणून त्यानं बंदोबस्त केला होता. विजेचा झटका अडवणारा एक सर्ज प्रोटेक्टर मीटरजवळच्या पेटीत, दुसरा छताच्या सॉकेटमध्ये. एवढं करूनही ढग दिसला की नदीनची छत्री घेऊन प्लग ओढायचाच.

"त्याला एक कानटोपी पण विण," क्लोव्हिस कुंपणावरून म्हणायचा. "सर्दी झाली तर?"

"तू तुझी अंडी सांभाळ."

मुलगी रेलिन फोनवर म्हणायची, "बाबा, नवीन घ्या ना. आवाजसुद्धा होत नाही."

"तेच तर! मांजरासारखं चोरपावलांनी दार उघडणार. काय करायचंय मला?"

मे महिन्यात एका दुपारी आभाळ शेवाळासारखं झालं. वेल्डननं गाडी आत घेतली, दार लावलं, प्लग काढला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसला. आताशा वादळ बघायला कुणी येत नव्हतं.

वीज आली ती थेट अंगणातल्या पेकनच्या झाडावर. भिंतीवरच्या बटणापासून मशीनपर्यंत एक बारीक वायर जाते, दाराच्या घंटीला असते तशी. तिच्याकडे इतक्या वर्षांत कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. विजेचं गेलं. बटण भिंतीवरून उडालं ते वेल्डनच्या कॉफीत पडलं. गॅरेजात प्लग काढलेल्या मशीनचा दिवा लागला, साखळी एक कडी सरकली, आणि धूर आला.

पाऊस थांबल्यावर क्लोव्हिस बाजूच्या दारानं आत आला. वेल्डन उपड्या बादलीवर बसला होता.

"गेलं?"

"गेलं."

क्लोव्हिसनं टोपी काढून वर मशीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "गाडी आत आहे?"

"आहे. सकाळी डॉक्टरकडे जायचंय."

दोघांनी मशीनची लाल दोरी ओढून दार मोकळं केलं आणि उचलायला लागले. दार जुनं, लाकडी, दोन गाड्यांचं, आणि स्प्रिंगा त्या दोघांच्याच वयाच्या. दार वीतभर उठलं आणि दोन कमरा बोलल्या. तेव्हा क्लोव्हिस रस्त्यावर जाऊन असा ओरडला की कोठारावरची कबुतरं शेजारच्या जिल्ह्यात गेली.

इमोजीन आली. निळ्या गाडीवाले आले. त्याचं नाव डॅरो निघालं, तिचं मिलिसेंट. "एक, दोन, हं!" म्हणत पाच जणांनी दार वर नेलं, खाली लाकडी घोड्याचा टेकू लावला. बाहेर ओलं ऊन पडलं होतं आणि पेकनचा अर्धा बुंधा वाफाळत होता.

"अगं बाई," इमोजीन म्हणाली, "बघण्यासारखं आहे हो!" आणि भिंतीवर टांगलेली एक घडीची खुर्ची काढून बसली.

तेव्हापासून सकाळी दार वर, संध्याकाळी खाली. उचलायला जे येत ते लगेच जात नसत. आठवड्यातच रेलिननं नवं मशीन पाठवून दिलं, विजेपासून बचावाची सोय आतच असलेलं. फोनवर ती विचारी, "बसवलं का?"

"माणूस येतो येतो म्हणतोय, अगं."

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती स्वतः आली. छताला जुनं मशीन होतं तसंच, आणि कोपऱ्यात मोठं खोकं, चिकटपट्टीसुद्धा न काढलेलं.

"बाबा! सहा महिने झाले!"

"विजेचा काय भरवसा, पोरी? तुझ्या आईच्या मशीनला मी तीन-तीन उपाय केले, तरी विजेनं गाठलंच. हे बघ, खोक्यात कसं सुखरूप आहे. याला आख्ख्या ओक्लाहोमातली वीज काही करणार नाही."

"पण दार कोण उघडतं?"

तेवढ्यात बाहेर बुटांचा आवाज आला आणि क्लोव्हिसची हाक: "वेल्डन! दार खाली घ्यायचं ना, की मुलगी आली म्हणून आज सरकार आराम करणार?"

स्वयंपाकघराकडे जाऊन वेल्डननं कॉफीखालची आच वाढवली. रेलिननं त्याच्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. मग पर्स खोक्यावर ठेवली आणि बाह्या सरसावल्या.

"ती पर्स उचल," आत येत क्लोव्हिस म्हणाला. "माझी बसायची जागा आहे ती."