काठावरच्या खाचा

मी कापड बेतायचं एक जुनं टेबल आहे. मित्रांनो, जवळ या, पण मला पाहून नाक मुरडू नका. माझ्या अंगावर डाग आहेत, एका कोपऱ्याला जळल्याची काळी खूण आहे आणि चमक औषधालाही उरलेली नाही. ती चमक मी सोसून, हट्टाने उतरवून घेतली आहे.

सुताराने मला आक्कासाठी बनवलं. आक्का शिवणकाम करते. खरं तर ती तिच्या धाकट्या भावाची आक्का, पण होता होता साऱ्या गल्लीची झाली. कोट, झगे, पडदे, शाळेचे गणवेश, काय काय माझ्या अंगावरून गेलं. आक्का टेप लावायची, खडूने रेघ मारायची आणि कात्री चालवायची. गिऱ्हाइकं तिच्या हाताचं कौतुक करायची, तेव्हा मीही मनातल्या मनात फुगायचो. कापड सपाट धरून ठेवायला मीच होतो ना!

मग आक्काची नजर मंदावली. कशाकडेही पाहिलं की नेमका मधला भाग धुरकट दिसायचा. चष्म्याने हे सुधारणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. गिऱ्हाइकं तुटतील या भीतीने तिने ही गोष्ट कुणाच्याही कानावर घातली नाही. एका दुपारी तिने दार लावून घेतलं, कानस घेतली आणि माझ्या काठाला खाचा पाडल्या. दर इंचाला एक बारीक, दर फुटाला एक खोल. मला लागलं नाही असं म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी तिचं बोट त्या खाचांवरून चाललं आणि कात्री पूर्वीसारखीच सरळ गेली, तेव्हा मी सगळं विसरलो. कुणी विचारलंच तर आक्का म्हणायची, "जुनं झालंय टेबल. काठ झिजलाय."

ही थाप तिच्या भावाने मनावर घेतली.

भाऊ मनाने चांगला, पण भारी हौशी. गळका नळ दुरुस्त करायला घेतला तर स्वयंपाकघरात तळं करून उठेल. आक्का लेकीकडे राहायला गेली, तेव्हा किल्ली त्याच्याकडे होती. बहिणीला चकित करायचं म्हणून तो खाचाभेगा भरायच्या इपॉक्सीच्या दोन बाटल्या घेऊन आला. एकीत राळ, दुसरीत ती घट्ट करणारं औषध. दोन्ही अगदी मापात मिसळावी लागतात. मापाचं भांडं काही सापडेना, तेव्हा पठ्ठ्याने अंदाजाने ओतलं आणि घाईघाईत ढवळलं. माझ्या काठावरची एकेक खाच त्याने मोठ्या मायेने भरली आणि उरलेल्याचा चकचकीत थर माझ्या सपाट अंगावर पसरला. मला ओरडता आलं असतं तर मी गल्ली गोळा केली असती.

तो थर कुठे दगडासारखा घट्ट झाला, कुठे चिकटच राहिला. आक्का परत आली आणि सवयीने तिने काठावर बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. खाच लागेना. गणवेशाचं कापड पसरलं तर ते मलाच चिकटून बसलं. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते.

भावाचं तोंड उतरलं. "मी मशीन आणतो, आक्का. काठासकट सगळं घासून सपाट करतो. त्यात काय एवढं?"

"काठाला मशीन लावायचं नाही."

"अगं, पण काठच तर खराब झालाय. भरताना माझी कंबर मोडली."

आक्का खुर्चीत बसली. "त्या खाचा मी पाडल्यात. टेपवरचे आकडे दिसत नाहीत मला. बोटाने मोजते मी. त्या गेल्या तर माझं शिवण संपलं."

भाऊ तिच्यासमोर खाली बसला. मग म्हणाला, "मला सांगायचं नाही होय गं?"

"आणि ओतायच्या आधी तू विचारलंस का मला?"

भावाने खिडक्या उघडल्या, हातमोजे घातले, तोंडाला मास्क बांधला आणि कामाला लागला.

आधी त्याने चिकट भाग खरवडून काढला आणि स्पिरिटच्या फडक्याने पुसला. स्पिरिट पूर्ण उडून जाईपर्यंत थांबला. मग घट्ट थरावर हीट गनची गरम हवा धरायची, तो मऊ पडला की पात्याने अलगद उचलायचा, आणि पुढच्या वीतभर जागेकडे सरकायचं. एकदा त्याचा हात रेंगाळला आणि माझा कोपरा करपला. मी मुकाट्याने सोसलं. त्याच्या हाताला फोड आले, पण तोही थांबला नाही.

सपाट भाग सुटला. खाचा मात्र सुटेनात. भाऊ थोडी ऊब देऊन दाभणाच्या टोकाने राळ कोरायचा आणि आक्काला हाक मारायचा.

"इथे अजून आहे," ती म्हणायची. "बोट घसरतंय."

"मला तर साफ दिसतंय."

"बघू नकोस. डोळे मीट आणि बोट फिरव."

त्याने डोळे मिटले, बोट फिरवलं. मग पुन्हा दाभण उचललं. त्यानंतर प्रत्येक खाच तो डोळे मिटूनच तपासू लागला.

शेवटची खाच मोकळी झाल्यावर आक्काने गणवेशाचं कापड पसरलं. ते कुठेही अडकलं नाही. तिने काठ चाचपला, कात्री लावली आणि एका दमात कापत गेली. भावाने टेप लावून पाहिला. माप बरोबर होतं. "जमलं," एवढंच तो म्हणाला आणि तोंड फिरवून त्याने डोळे पुसले.

मित्रांनो, एखाद्या वस्तूवर माया असेल तर जरूर तिची काळजी घ्या. पण हात लावण्याआधी, ती कुणाला कशी उपयोगी पडते ते विचारा. आणि तुम्हाला कुणी विचारलं तर खरं सांगा. भाऊ आता विचारणाऱ्याला सांगतो की काठ झिजलेला नाही, तो आक्काने तसा केलाय. गिऱ्हाइकांना तिच्या डोळ्यांचं कळलं, तरी ती येतात. मी डागाळलेला आहे, करपलेला आहे, आणि आक्काचं बोट जिथे थांबायला हवं, तिथेच थांबतं.