कवळीत रुतलेला दुधाचा दात

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी कवळी आहे, वरच्या जबड्याची. खाली आजोबांचे स्वतःचे चार दात होते, पण त्या दातांनी मला शेवटपर्यंत परकीच मानलं.

कवळीवाल्या काकांनी तीनदा घासून मला आजोबांच्या टाळूला बसवलं, तेव्हा आरशात हसून आजोबा म्हणाले, "आता मुलगी बघायला जायला हरकत नाही!" आजी लाजल्या. माझं कौतुक झालं ते तेवढंच. पुढे आजी गेल्या. मुलगा आणि सूनबाई सकाळीच कामावर जात. दिवसभर तोंड उघडायचं कुणासाठी? मी वाटीतल्या पाण्यात पडून राहू लागले.

मग आजोबांना रस्त्यात एक कुत्र्याचं पिल्लू सापडलं. ते मला लावून त्याच्याशी दिवसभर बोलू लागले. माझे ते सुखाचे दिवस होते.

चार महिन्यांचं झालं आणि पिल्लाने चपला, खुर्चीचा पाय, सूनबाईंच्या पर्सचा पट्टा, सगळ्यांचा फडशा पाडला. सूनबाई वैतागल्या. "बाबा, आता एक जरी वस्तू कुरतडली, तर हे आमच्या कारखान्यावर राखणीला जाणार. सांगून ठेवते."

दुसऱ्याच दुपारी आजोबा मला स्टुलावर ठेवून पेंगले, आणि पिल्लाने मला पळवलं. खरं सांगते, मला राग आला नाही. त्याच्या हिरड्या सुजून गरम झाल्या होत्या. चावता चावता माझा एक कोपराच तुटला. आजोबांनी मला उचलून खिशात लपवलं आणि संध्याकाळी सांगितलं, "हातून पडली."

सूनबाई त्यांना काकांकडे घेऊन गेल्या. काकांनी मला दिव्याखाली धरलं आणि चिमट्याने माझ्या गुलाबी भागातून तांदळाएवढा टोकदार दात उपसला.

"आजोबा, हा काही मी बसवलेला नाही. पिल्लाचा दुधाचा दात आहे. या वयात ते पडतात, हिरड्या शिवशिवतात. सातव्या महिन्यापर्यंत पक्के दात आले की चावणं कमी होतं. माझ्याकडेही होतं एक."

सूनबाईंनी वळून पाहिलं. "बाबा, खोटं का बोललात?"

आजोबांनी बोळक्या तोंडावर रुमाल धरला. "तुम्ही त्याला देऊन टाकलं असतं. मग घरात माझ्याशी बोलणारं कोण उरलं असतं?"

सूनबाईंचा चेहरा उतरला. पिल्लू घरात राहिलं. त्या फडकं भिजवून, फ्रिजमध्ये गार करून त्याला चावायला देऊ लागल्या. आजोबांना नवी कवळी आली आणि माझी रवानगी खणात झाली. पिल्लाचे दात पडले, पुन्हा उगवले. माझ्या नशिबी ते नाही. इथे अंधारात फार एकटं वाटतं.

पण मला सगळं ऐकू येतं. कामावरून आल्यावर मुलगा आणि सूनबाई हौसेने म्हणतात, "दाखव रे दात!" पिल्लाचे लाड होतात, मग त्यांच्या खोलीचं दार लागतं. बाहेर आजोबा पिल्लाला त्या दिवसाची हकिकत सांगत बसतात. काकांनी काढलेला दात सगळ्यांच्या लक्षात राहिला. आजोबांनी विचारलेलं मात्र सगळे विसरले.

मित्रांनो, चावऱ्या पिल्लाला हाकलू नका, थोडे दिवस कळ काढा. आणि मला खणातून बाहेर काढलं नाहीत तरी चालेल, पण तुमच्या घरातल्या आजोबांजवळ आज जरा बसा.