चौथ्या पट्टीची वाट

मी एक जुनी सुझानी आहे, आणि अजून पुरी झालेली नाही. सुझानी म्हणजे नवरीच्या खोलीत भिंतीवर टांगायचा भरतकामाचा मोठा पडदा. शहरिसब्ज शहरातल्या आमच्या गल्लीत मुलगी सुई धरण्याएवढी झाली की तिच्यासाठी असा पडदा भरायला घेतात आणि लग्नापर्यंत तो तयार करतात. माझी मुलगी नवरी झाली, आईही झाली. मी मात्र आहे तिथेच आहे.

मित्रांनो, माझा जन्म चार पट्ट्यांनी झाला. जाड्याभरड्या सुती कापडाच्या चार पट्ट्या आधी कच्च्या दोऱ्याने एकमेकींना जोडल्या. मग गल्लीतल्या एका म्हातारीने बोरूने त्यांच्यावर डाळिंबाचं एक मोठं झाड काढलं. नंतर तो दोरा उसवून पट्ट्या चार बायकांना वाटून दिल्या. चौघींनी आपापल्या घरी फुलीच्या टाक्याने सगळं कापड भरून काढायचं आणि शेवटी पुन्हा जोडायचं, अशी आमच्याकडची रीत. जोडताना फांदीला फांदी नेमकी मिळत नाही, बोटभर इकडेतिकडे होतेच. त्यावर चौघी हसतात, पण कुणी उसवत नाही.

माझी एक पट्टी घेतली होसियतने, म्हणजे घरच्या मालकिणीने. एक तिच्या आठ वर्षांच्या मुलीला, मुनव्वरला दिली. तिसरी शेजारच्या अंझिरतला. होसियत आणि अंझिरत लहानपणापासूनच्या मैत्रिणी, दोघींच्या अंगणांमध्ये एकच भिंत आणि त्या भिंतीत एक बुटकं दार. त्या दारातून दिवसभर वाडगी, सोमसे म्हणजे आमचे भाजलेले समोसे, बातम्या आणि दोऱ्याचे गुंडे ये-जा करत असत. चौथी पट्टी घेतली साओदत-बुवीने. ती होसियतची आई, मुनव्वरची बुवी, म्हणजे आजी. बुवीला तेव्हाच धड दिसत नव्हतं. ती बोटांच्या टोकांनी कापडाचे धागे मोजायची आणि फुली घालायची. तिच्या पट्टीची उलटी बाजू सुलटीइतकीच स्वच्छ होती. उरलेल्या तीन पट्ट्यांबद्दल मी हे म्हणू शकत नाही. मुनव्वरच्या पट्टीबद्दल तर विचारूच नका.

बुवी आपली पट्टी गुंडाळून एका पांढऱ्या कापडात बांधून ठेवायची. "माझ्या हाताला घाम येतो," म्हणायची, "रेशीम मळेल." या पांढऱ्या कापडानेच पुढे घात केला.

आता होसियतच्या स्वभावाबद्दल सांगते. बाई गुणी, हात सोन्यासारखा, पण एका जागी टिकणारा नाही. एक काम हातात असताना तिला दुसरं सुचतं. मुनव्वरच्या लग्नाच्या वर्षी घरात एकाच वेळी बसायच्या चार लांब गाद्या होत्या, पांघरायच्या दोन रजया होत्या, थोरल्या सुनेच्या बाळाच्या पाळण्यासाठी तुकड्यांची गोधडी होती, जावयासाठी आणि त्याच्या भावांसाठी फुलीच्या टाक्याच्या पाच टोप्या होत्या, आणि मी होते. प्रत्येकात एकेक सुई टोचून ठेवलेली. वर गल्लीतली कुणी आली आणि "आपा, एवढी किनार तुमच्या हातची हवी," म्हणाली की हिच्या तोंडून नाही निघायचं नाही. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. घरात काही अवघड झालं, कुणी रागावलं, कुणी आजारी पडलं की होसियत नवं कापड बेतायला घ्यायची. बुवी गेली त्याच आठवड्यात तिने तिसरी आणि चौथी गादी सुरू केली.

तिचा नवरा नोरबुता दारात उभा राहून म्हणायचा, "या घरात चार नव्या गाद्या आहेत आणि मला टेकायला जागा नाही."

अंझिरत तर तिला सोडायचीच नाही. आमच्याकडे भरतकामात एखादं पान मुद्दाम न भरता ठेवतात. काम संपलं तर घरातली लग्नकार्यंही संपतील, असं मानतात. अंझिरत म्हणायची, "अगं, रीत एक पान सोडायची आहे. तू तर आख्खी बाग सोडलीस!"

"तू आहेस ना भरायला," होसियत म्हणायची.

"मी तुझी सून नाही, लक्षात ठेव." आणि लगेच बसून भरायला घ्यायची. पट्ट्या जोडायचं काम अंझिरतचं, हे आधीपासूनच ठरलेलं होतं. तिची शिवण सापडत नसे, इतकी बारीक.

बुवी सत्त्याऐंशी वर्षांची होऊन गेली. इतकं भरलेलं आयुष्य जगून कुणी गेलं की आमच्याकडे पांढऱ्या कापडाचे तुकडे फाडून आलेल्या बायकांना देतात. त्या माणसाचं आयुष्य आपल्या लेकराबाळांना लागो म्हणून बायका तो तुकडा जपून ठेवतात आणि एखाद्या गोधडीत, रजईत शिवतात. होसियतने आपल्या आईच्या कापडाचा तुकडा संदुकीत ठेवला होता. मुनव्वरच्या रजईत तो घालायचा, हे तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मग तो दिवस आला. लग्नाच्या रजया शिवायच्या म्हणून गल्लीतल्या सात-आठ बायका अंगणात जमल्या. अस्तर पसरलं, त्यावर कापूस पिंजून थरावर थर घातला. सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. पहिला टाका अंझिरतने घालायचा होता, कारण तिचा नवरा आहे, चारही मुलं धडधाकट आहेत. होसियत मात्र ओसरीवर टोपी घेऊन बसली होती. टोपी दुसऱ्या दिवशी द्यायची होती. दातात दोरा धरून ती टाके मोजत होती. मी, म्हणजे माझ्या चारही पट्ट्या, तिच्या डोक्यावरच्या कोनाड्यात होते. तीन पट्ट्या एका निळ्या फडक्यात, आणि बुवीची पट्टी शेजारी, तिच्या त्या पांढऱ्या कापडात.

"होसियत, बुवीचं कापड कुठाय गं?" अंझिरतने अंगणातून विचारलं.

"अठरा, एकोणीस... कोनाड्यात बघ. पांढरं आहे."

सकाळी तुकडा संदुकीतून काढून कोनाड्यात ठेवायचं तिच्या मनात होतं. मनात होतं, हातून झालं नव्हतं. तेवढ्यात गादीचा अभ्रा आठवला, मग टोपी.

अंझिरत आली, तिने पांढरी गुंडाळी उचलली. "जाड लागतंय गं. दुहेरी होतं का?"

"तेवीस, चोवीस... हो गं बाई, घाल ना! माझी मोजदाद चुकव आता."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. माझा चौथा भाग, बुवीची डोळ्यांविना भरलेली डाळिंबं, अंझिरतच्या हातात होती. तिने गुंडाळी उघडली नाही. गेलेल्या माणसाच्या कापडाशी कोण खेळ करतं? तिने ती कपाळाला लावली, ओठांना लावली, बिस्मिल्ला म्हणून हाताने दाबून सपाट केली आणि कापसात ठेवली. वर आणखी कापूस आला, वरचं रेशीम आलं. बायकांनी रजईवर मिठाई उधळली, पोरांनी ती वेचली. मग आठ सुया एकदम चालू लागल्या. मी कोनाड्यातून नुसती बघत राहिले.

लग्नाला नऊ दिवस राहिले तेव्हा होसियतने मला जोडायला काढलं. तीनच पट्ट्या. तिने संदूक उपसली, गाद्या उलथ्यापालथ्या केल्या. गंमत म्हणजे संदुकीच्या तळाशी तो कापडाचा खरा तुकडा पडला होता. तिचा हात दोनदा त्यावरून गेला, पण ती डाळिंबं शोधत होती, पांढरं कापड नाही. शेवटी ती बुटक्या दारातून अंझिरतकडे गेली आणि तिला घेऊनच परत आली.

"जोडायला म्हणून तू नेली असशील, आठव."

"नेली असती तर जोडून नसती आणली?"

"मग गेली कुठे? माझ्या आईच्या हातचं शेवटचं काम आहे ते."

"बुवी माझी कुणी नव्हती का?"

इथे थांबायला हवं होतं. पण नऊ दिवस, पाच टोप्या, पाहुणे, आणि आई जाऊन वर्षही झालेलं नाही. होसियतचा तोल गेला. "जुन्या बाजारातल्या दुकानांत परदेशी लोक अशा जुन्या कामासाठी वेडे होतात म्हणे," ती म्हणाली. "तुझ्या सुनेचा भाऊ तिथेच आहे ना?"

अंझिरतच्या हातात चहाची पिआली होती. तिने ती न पिता खाली ठेवली. "माझ्या हाताने तुझ्या मुलीच्या रजईला पहिला टाका घातलाय," ती म्हणाली, "त्या हाताला तू हे म्हणतेस?" आणि ती बुटक्या दारातून निघून गेली. संध्याकाळी पलीकडून सरपण रचल्याचा आवाज आला. दाराला लागून, अगदी वरपर्यंत.

माझ्या तीन पट्ट्या होसियतनेच घाईघाईने जोडल्या. लग्नात मी जावयाच्या घरी भिंतीवर चढले. माझ्या उजव्या कडेला डाळिंबाची फांदी मध्येच तुटलेली होती. जावयाच्या आत्याने मान तिरकी करून बघितलं आणि सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "झाड आमच्याकडे पाठवलं आणि फळं माहेरीच ठेवली वाटतं." मुनव्वरची मान खाली गेली. महिन्याभराने तिने मला परत पाठवलं. आईला निरोप होता, "ओयी, बुवीची पट्टी सापडली की जोडून द्या, मग लावीन." मला लाज वाटली. वस्तूला लाज वाटत नाही असं तुम्ही समजत असाल, तर तुम्ही कधी अर्धवट राहिला नसाल.

तेव्हापासून मी होसियतच्या ओसरीवर, त्या बुटक्या दाराच्या शेजारी टांगलेली आहे. ऊन रोज दुपारी माझ्यावर येतं. माझा लाल रंग विटकरी झाला. आणि इकडे माझा चौथा भाग मुनव्वर रोज अंगावर घेऊन झोपत होती. मला ते माहीत होतं. सांगायचं कुणाला आणि कसं?

पाच वर्षांनी ती रजई माहेरी आली. कापसाचे गोळे झाले होते, पुन्हा पिंजायचा होता. होसियतने ब्लेडने शिवण उसवली, कापूस उचकटला आणि तिच्या हाताला गुंडाळी लागली. तिने ती सोडली. डाळिंबं तशीच होती, जणू काल भरलेली. मग तिचे ओठ हलले. मी ऐकलं. ती म्हणाली, "तेवीस, चोवीस."

सगळं आठवलं होतं तिला. ती रडली, अगदी मोठ्याने. पट्टी छातीशी धरून उठली आणि बुटक्या दारापाशी आली, माझ्याइतकी जवळ. फळीवर हात ठेवला. मला वाटलं, सुटलो आपण सगळे! पण हात तिथेच राहिला. "रिकाम्या हाताने कशी जाऊ?" ती पुटपुटली. आमच्याकडे शेजारीसुद्धा कुणी रिकाम्या हाताने जात नाही, मग इतक्या मोठ्या अपराधानंतर कसं जायचं! ती मागे फिरली. पट्टी घडी करून माझ्यावर अडकवली, कपाट उघडलं, आणि अंझिरतसाठी नवी गादी बेतायला घेतली.

त्याला आता दोन हिवाळे झाले. गादी अर्धी झाली तेव्हा तिला वाटलं, नुसती गादी कमी पडेल, म्हणून अंझिरतच्या नवऱ्यासाठी टोपी सुरू झाली. चौकोनी टोपीचे दोन कोन झाले आणि अंझिरतच्या नातवाच्या पाळण्याची गोधडी आली. सगळ्यांत सुया टोचलेल्या आहेत. मुनव्वर फोनवर विचारते, "ओयी, अंझिरत-खालाकडे गेलात का?"

"जाते गं. गादी तेवढी पुरी होऊ दे."

"त्यांना गादी नकोय, ओयी."

"तुला काय कळतंय! रिकामी जाऊ का मी?"

चौथी पट्टी माझ्या खांद्यावर लोंबते आहे. ती गडद लाल, मी विटलेली. जोडली तरी आता आम्ही एकसारख्या दिसणार नाही. चालेल मला. पण जोडायची ती अंझिरतनेच, असं होसियतने ठरवून ठेवलं आहे, आणि ते बरोबरच आहे. फक्त भिंतीपलीकडून मला अंझिरतचा खोकला ऐकू येतो, आणि या वर्षी तो लांबला आहे. परवा तिची सून म्हणत होती, "सुईत दोरा मी ओवून देते, आई, तुम्हाला दिसत नाही." बुवीचंही असंच सुरू झालं होतं.

मित्रांनो, आता एक गोष्ट सांगते, जी या घरात फक्त मला ठाऊक आहे. पलीकडचं सरपण संपलं आहे. हा हिवाळा कडक होता. अंझिरत रोज सकाळी दाराशी रचलेली लाकडं न्यायची. एकेक ओंडका निघताना मी ऐकला. शेवटचा ओंडका आठ दिवसांपूर्वी निघाला आणि तिने तिथे पुन्हा काही रचलं नाही. उलट त्या जागी झाडू फिरल्याचा आवाज आला. त्यानंतर ती थोडा वेळ तिथेच उभी होती. तिचा श्वास ऐकू येत होता. तिने वाट बघितली आणि गेली.

तुम्हाला तोंड आहे, पाय आहेत. कुणाशी तुमचं असं काही अर्धवट राहिलं असेल तर त्यावर नवं कापड पांघरू नका, उठून जा. आणि कधी आमच्या गल्लीत आलात तर होसियत-आपाला एवढं सांगा, की दारामागे आता काही नाही, ते नुसतं लोटलेलं आहे. मी किती दिवस तिच्या कानाशी लोंबते आहे, पण माझं तिला ऐकू येत नाही. आत्ताही ती माझ्याखालीच बसली आहे, दाराकडे पाठ करून, आणि गादीच्या किनारीसाठी सुईत नवा दोरा ओवते आहे.