कार्निव्हलच्या आत सगळं

एकशे अठरा पाकिटं टेबलावर येऊन पडली, तेव्हा मिस युलाली बॅस्कमला खुर्चीतल्या खुर्चीत नाचावंसं वाटलं. सरकारी खात्यांनी एखाद्या परिपत्रकाला मुदतीत उत्तर दिलंय, असं तिच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत बेटाच्या या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये, कधी घडलं नव्हतं.

"मिस, फाटकावरचा माणूस विचारतोय, तुमचं लग्नबिग्न ठरलं का?" पाकिटं आणणारा बुधराम म्हणाला. तो खात्याचा ड्रायव्हर. "म्हणतो, एवढी पत्रं उगाच कोणाला येत नाहीत."

"सांग त्याला, ठरलं. मुलगा कॉम्प्युटर आहे. जरा मंद आहे, पण घरंदाज आहे."

एकोणीसशे नव्व्याण्णवचा मे महिना होता. देशभरच्या कॉम्प्युटरांना सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहायची सवय लागलेली. एकतीस डिसेंबर सरला की त्यांना पुढे दोन शून्यं दिसणार, आणि ते खुशाल एकोणीसशे साल समजून बसणार. पाण्याचे पंप, हॉस्पिटलातली यंत्रं, बंदरातल्या क्रेन, सगळं त्याआधी तपासायचं होतं. हे काम एकाही साहेबाने अंगाला लावून घेतलं नाही. मग ते युलालीकडे आलं. ती टायपिस्ट म्हणून लागलेली बाई. दुसऱ्यांनी टाकून दिलेली जाडजूड पुस्तकं जेवणाच्या सुट्टीत वाचून वाचून कॉम्प्युटर शिकली होती. देशभरची योजना शुक्रवारी सचिव अचाँगसाहेबांपुढे ठेवायची होती. ती पसंत पडली नाही, तर काम एका परदेशी कंपनीला जाणार होतं. कंपनीची माणसं दोनदा येऊन युलालीच्या खोलीला ऊन किती येतं ते बघूनही गेली होती.

ती पाकिटं फोडायला बसली. प्रश्न एकच विचारला होता, तुमचं काम कधी पुरं होईल? बंदराने लिहिलं होतं, कार्निव्हलच्या आत. पाणी खातं, कार्निव्हलच्या आत. हॉस्पिटल, कार्निव्हलच्या आत, नक्की. तुरुंग, कार्निव्हलच्या आत, देवाची इच्छा असल्यास. युलालीने आनंदाने सगळं टाइप केलं आणि तळाशी स्वतःची ओळ घातली, 'अंतिम अहवाल कार्निव्हलच्या आत.' तिला त्यात काहीच खटकलं नाही. कार्निव्हल म्हणजे तिच्या देशातला सगळ्यांत मोठा सण; तिथे छपरं शाकारायची ती कार्निव्हलच्या आत, भांडणं मिटवायची ती कार्निव्हलच्या आत, दाढसुद्धा काढायची ती कार्निव्हलच्या आत.

बुधवारी दुपारी मिस अर्सुलिनचा फोन आला. कार्निव्हलला हजार माणसांना पंख लावून रस्त्यावर नाचवणारी ही बाई. युलाली गेली बावीस वर्षं तिच्याच बँडमध्ये, म्हणजे नाचणाऱ्यांच्या ताफ्यात, नाचत होती.

"काय गं, पोशाखाचं माप तेच ना?"

"तेच असतं तर किती बरं झालं असतं."

"मग घाबरतेस कशाला? या खेपेला कार्निव्हल उशिरा आहे. सात मार्च! ख्रिसमसनंतरही दोन महिने आहेत की. सावकाश बारीक हो."

युलालीच्या हातातली डबल्सची पुरी तोंडापाशीच थांबली. त्यातले हरभरे एकेक करून योजनेवर पडले, थेट बंदराच्या ओळीवर.

"सात मार्च?"

"मग काय, माझ्या वाढदिवसाला?"

एकतीस डिसेंबरला बिघडणारी यंत्रं सगळा देश मार्चमध्ये दुरुस्त करणार होता! आणि तीसुद्धा.

"मला वाटलंच होतं, मिस," बुधराम म्हणाला.

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"मी कार्निव्हल खेळत नाही ना. म्हटलं, खेळणाऱ्यांचं काहीतरी वेगळं गणित असेल."

तिने घाईघाईने पाणी खात्याला फोन लावला. "तारीख बदला. एकतीस डिसेंबर लिहा."

"लिहिलं, मिस, लिहिलं. काळजी सोडा. कार्निव्हलच्या आत होऊन जाईल."

फोन ठेवला आणि तिला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. बुधराम पाण्याचा ग्लास घेऊन नुसता उभा. मग तिच्या डोक्यात आलं, कार्निव्हलच्या आदल्या रविवारी अर्सुलिनच्या अंगणात अर्ध्या पंखांचा गोंद ओला असतो, सोमवारी सकाळी हजारच्या हजार माणसं पंखांसकट रस्त्यावर. त्यासाठी कोणी परिपत्रक काढत नाही. म्हणजे हा देश आळशी नव्हेच. त्याला तारीखच फार मिळमिळीत दिली होती.

तिने टाइपरायटरमध्ये कोरा कागद घातला.

शुक्रवारी अचाँगसाहेबांनी तो दोनदा वाचला. साहेब शर्टाचं वरचं बटणसुद्धा कधी न काढणारे.

"मिस बॅस्कम, हे काय? शनिवार, चार डिसेंबर, सव्हाना मैदान. यंत्रांचा कार्निव्हल?"

"हो सर. प्रत्येक खात्याचा एक ताफा, ज्याचा त्याचा रंग, वाद्यांचे ट्रक. पण ज्याची सगळी यंत्रं पास, त्यालाच आत सोडायचं. नापास खातं कुंपणाबाहेर."

"बाहेर?" साहेबांचा आवाज कोणी गेल्यासारखा खोल गेला. "उभं राहून नुसतं बघायचं?"

"नारळपाणी प्यायची परवानगी आहे, सर."

"कंपनीने चौऱ्याऐंशी पानं दिलीत."

"त्यात नाचायला कुठल्या पानावर मिळतं?"

साहेब नाही म्हणाले, तर खाली टायपिंगच्या खोलीत परत जायचं. तिथे सगळ्या जणी तिच्याशी फार गोड वागतील, चहा आणून देतील. तो गोडवाच तिला सोसणार नव्हता.

साहेबांनी कागद पुन्हा जवळ ओढला. मग म्हणाले, "आपलं खातं पास आहे?"

"एक यंत्र बाकी आहे, सर. तुमचं."

साहेबांनी खुर्ची धाडकन मागे सारली. "तपासा. आत्ता तपासा!" आणि सही करता करता मान वर न करता, हळूच, "सोनेरी रंग अजून कोणी मागितला नाही ना?"

युलाली जिना उतरून खोलीत आली, तोवर बातमी तिच्या आधी पोचली होती. बुधराम फोन हाताने झाकून उभा होता.

"बंदराचे साहेब आहेत, मिस. फार तापलेत. म्हणतात, समुद्र आमचा आणि निळा हॉस्पिटलला कसा?"

तिने फोन घेतला. "साहेब, रंग मी वाटत नाही. जो आधी पास होईल, त्याने आधी निवडायचा."

पलीकडे कागदांची खसखस, कोणावर तरी ओरडणं.

"मिस, उद्या शनिवार आहे," बंदराचे साहेब म्हणाले. "तपासायला उद्याच आलात तर?"

"काय म्हणाले?" तिने फोन ठेवल्यावर बुधरामने विचारलं.

"गाडीत पेट्रोल भर," युलाली म्हणाली.