एकाच मापाचे दोन गणपती

मित्रांनो, मी एक जुना, पिवळा पडलेला संगणक आहे, आणि खरं सांगायचं तर जरा चिडका आहे. रोह्याच्या एका कंपनीत मी चार वर्षं शिफ्टच्या याद्या छापल्या. तिथे नवी यंत्रं आली, तेव्हा १९९५ साली पेणच्या त्र्यंबककाकांनी मला विकत घेतलं आणि त्यांच्या गणपतीच्या कारखान्यात, शाडूच्या धुळीत आणून बसवलं. पहिल्या दिवशी कौतुकाने हळदकुंकूही लावलं.

आमच्याकडे गिऱ्हाईक घरचा पाट आणून देतं आणि त्याच पाटावर मूर्ती घेऊन जातं. पाट आला की कारागीर जगन माझ्यात घराणं, गाव आणि मूर्तीची उंची भरायचा. मी गाववार यादी छापायचो आणि त्याप्रमाणे मूर्ती घडायच्या. हे सारं मला काकांच्या पुतणीने, शाळेत गणित शिकवणाऱ्या लतिकाने शिकवलं होतं.

पुढच्या वर्षी हरतालिकेच्या दिवशी खाडीकाठचा हिरामण म्हात्रे आला आणि त्याचा पाट रिकामा निघाला. यादीत त्याची मूर्तीच नव्हती. त्याच्या धाकट्या भावाला दीड फुटाची मिळाली आणि थोरल्या हिरामणला उरलेली वीतभर. तो मूर्तीवर रुमाल टाकून निघून गेला. मला फार लाज वाटली.

लतिकाने लगेच त्याचं एकट्याचं नाव भरून पाहिलं. मी बरोबर छापलं. मग तिने ठरवूनच टाकलं की जगन नाव भरायला विसरला. जगन म्हणाला, "मी भरलंय, ताई." कोणी ऐकलं नाही. काकांनी त्याला माझ्यासमोरून उठवलं आणि माती मळायला बसवलं. चूक माझ्या पोटात होती, पण विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा तो प्रकार होता.

लतिकाच्या मनाला मात्र टोचणी लागली. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत ती मला तपासत राहिली. पण कशी? दहा घराणी, दहा गावं, दहा उंच्या, आणि उत्तर तिला आधीच पाठ. पेपर काढणारी तीच, सोडवणारीही तीच. मी दर वेळी पास व्हायचो आणि ती माझ्या कळांवर राग काढायची. मीही वैतागलो होतो.

एकदा शेजारी कारखान्यातल्या जुन्या कामकरीण इंदुबाई वाळलेल्या मूर्ती टिचकी मारून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "तुला ठाव हाय तेच तू इचारतेस गो. डोलं मिटून कुठलीबी उचल, तवा तडा गावंल."

लतिका म्हणाली, "यादी कुठलीही घेतली तर बरोबर उत्तर कोणतं हे मला कसं कळणार?" त्यावर काका पलीकडून करवादले, "जितके पाट तितक्या मूर्ती. मला एवढंच कळतं."

ती थबकली. यादी कुठलीही असो, हा नियम मोडता कामा नये. तिने मलाच वाटेल तशा याद्या बनवायला लावलं, आणि पाट व मूर्ती यांची संख्या जुळली नाही की थांबायला सांगितलं. मी दोनशे याद्या केल्या. सगळ्या जुळल्या. तिने वही आपटली.

मी सबंध तालुक्यातून नावं उचलत होतो, त्यामुळे एकसारख्या दोन नोंदी पडतच नव्हत्या. इंदुबाई हसल्या आणि म्हणाल्या की आमच्या अख्ख्या गावात आडनावंच तीन. मग लतिकाने मला तीन घराणी, दोन गावं आणि चारच उंच्या दिल्या. तिसऱ्याच यादीला मी अडलो. बारा पाट, नऊ मूर्ती.

ती एकेक नोंद काढत गेली. जी काढूनही चूक राहते, ती नोंद बाद. शेवटी दोनच उरल्या. म्हात्रे, तेच गाव, दीड फूट. आणि पुन्हा म्हात्रे, तेच गाव, दीड फूट.

लतिकाचा चेहरा उतरला. एकसारखी नोंद दोनदा आली तर ती चुकून भरलेली समजून गाळायची, असं तिनेच मला शिकवलं होतं, आणि मोठ्या हुशारीने. इंदुबाईंनी तिला समजावलं की भाऊ वेगळे झाले की दोघे एकाच मापाचे गणपती आणतात, म्हणजे घरात लहानमोठं कोणी ठरत नाही. कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. लतिकाने कधी विचारलं नव्हतं.

ती उठून जगनकडे गेली. म्हणाली, "नाव तू भरलं होतंस, जगन. चूक माझी होती."

"मी तवाच बोललो व्हतो, ताई," जगन म्हणाला आणि माती मळत राहिला.

काकांनी पुष्कळ सांगितलं, पण तो पुन्हा माझ्यासमोर बसला नाही. मित्रांनो, आम्हा यंत्रांची धूळ पुसा, ती आम्हाला सोसत नाही. ज्याचं उत्तर पाठ आहे तेवढंच आम्हाला विचारू नका. आणि एखादा माणूस "मी केलंय" म्हणाला, तर आधी आम्हाला तपासा. आम्हाला दुरुस्त करता येतं.