मनियारणीचा हात

हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात हिरव्या काचेची किणकिण ऐकू आली, की ओवे गावातल्या दारादारांत कळायचं, पनवेलहून बांगड्या भरणारी जुबेदाबाय मनियारीण आली. तिच्या तळव्यात मनगट गेलं की ते आपलं राहत नसे. अंगठा आत दुमडून, ‘बेटी, मूठ ढिली सोड,’ म्हणत ती राठ हातावरही काच अशी चढवी, की दुखायचं ते दुसऱ्या दिवशी. गावात नवरीचा चुडा तीच भरी आणि चुडा भरून झाला की नवरी तिच्या पाया पडे. तिचा धर्म कुणी काढल्याचं मला आठवत नाही.

माझ्या वडिलांचा चुलतभाऊ दिनकर तिच्यासाठी झुरायचा. हा बिनलग्नाचा गडी दर बाजाराला तिच्याकडून बांगड्या घेई. कशासाठी, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अखेर विधवा जुबेदाबायनं भर बाजारात हात जोडले, ‘भाऊ, तुमच्या घरात बाईमाणूस नाय. पुढल्या बाजारापासून येऊ नका.’ तो शब्द त्याच्या काळजात रुतून बसला. पुढे दंगलींत मुंबई पेटली आणि त्याच्या रागाला धर्माचं नाव मिळालं. ‘परधर्माच्या बाईचा हात आमच्या पोरींना लागाचा नाय,’ अशी त्यानं गावबैठकीत आण घातली. भेदरलेल्या गावानं मान डोलावली.

त्याच वर्षी माघात माझं लग्न होतं. चुड्याच्या सकाळी जुबेदाबाय आली, तिला वेशीवरच अडवलं. ती रडली नाही, भांडली नाही. पेटी उतरवून उन्हात स्वस्थ बसली. घरात दुसरा कासार आणून बसवला होता. मांडव घातल्यावर नवरीनं वेशीकडे फिरकायचं नसतं, तरी मी निघाले.

‘मागं फिर, नायतर गाव लग्नाला येनार नाय!’ दिनकरकाका ओरडला.

‘नको येव दे,’ म्हणत मी धुळीत बसले आणि दोन्ही हात तिच्यापुढे केले. बायका दारांतून बघत राहिल्या. एकटी आई येऊन शेजारी बसली. जुबेदाबायचा हात आयुष्यात पहिल्यांदा थरथरत होता. एक बांगडी फुटली. मागून कुणीतरी अपशकुन म्हणालं. मी म्हणाले, ‘दुसरी भर.’ चुडा भरला आणि सगळ्यांदेखत मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

लग्नात अर्ध्या पंगती रिकाम्या राहिल्या. आज जुबेदाबाय नाही, काका नाही. काळानं दोघांनाही सारख्याच शांतपणे नेलं. त्या रिकाम्या पंगतींची मला कधी खंत वाटली नाही. वाटते ती तिच्या हाताच्या थरथरीची, जी घालवायला माझं एक लग्न पुरलं नाही.