कोटाचं खालचं बटण

कोडं टिकलं असतं तर सुनेच्या पदरात काय पडणार होतं? पगार वाढणार नव्हता. संगणकावरचा खेळ संपल्यावर पडद्यावर सरकत जाणाऱ्या नामावळीत तिचं नाव होतंच, आणि ती कुणी वाचत नाही हेही तिला ठाऊक होतं. पण एवढ्या मोठ्या खेळात एक घर तरी सर्वस्वी तिच्या डोक्यातून आलेलं राहणार होतं. शिवाय दुकान बंद केल्यापासून दोन वर्षं खिडकीत बसून असलेल्या सासऱ्यांना चार लोकांच्या देखत एकदा जिंकता येणार होतं. हा दुसरा फायदा तिने कुणालाच सांगितला नव्हता.

कोडी रचणं हाच तिचा धंदा. या कोड्यात कुणी नसलेलं घर आणि खुंटीवर एक कोट. कोटाला चार बटणं. तीन बटणांचा दोरा फुलीसारखा, खालच्याचा मात्र दोन सरळ रेघांचा. खणातल्या कात्रीने तेच बटण उसवलं की अस्तरातून किल्ली पडते. बस्स.

"बस्स?" साहेब म्हणाले होते. "अहो, हे ब्रह्मदेवाच्या बापाला तरी सुटेल का?"

कंपनीचा नियम साधा. बाहेरची पाच माणसं बसवायची, प्रत्येकाला एक तास द्यायचा, मागे उभ्या असलेल्यांनी चकार शब्द काढायचा नाही. पाचांपैकी एकालाही जमलं नाही तर कोडं रद्द. चौघं हरले होते. एकाने कोट मेणबत्तीवर धरला, एकीने तो मांजराला घालून पाहिला, तिसऱ्याने घरातली झाडून सगळी भांडी त्याच्या खिशात कोंबली, आणि चौथी शिव्या घालत उठून गेली.

पाचवे म्हणून सुनेने सासऱ्यांना आणलं. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. थोडी लबाडी होती, पण नियमात बसणारी.

सासऱ्यांनी चष्मा लावला. साहेब, खेळातलं घर रंगवणारा चित्रकार आणि सून मागे उभे राहिले. पडद्यावरच्या कोटाकडे बघून सासरे "हं" म्हणाले. सुनेला वाटलं, जिंकलो.

मग त्यांनी खणातून कात्री काढली, जरा थांबले, पुन्हा जागच्या जागी ठेवली आणि खण लावून टाकला. नंतर जिना चढले. एकेक दार वाजवायचं, थांबायचं, आत डोकावायचं, निघताना दार लोटून घ्यायचं. माळा झाला, मागचं अंगण झालं. "घरात कुणी आहे का?" त्यांनी पडद्याला विचारूनही पाहिलं. चित्रकाराने तोंडावर हात धरला. सुनेच्या ओठांवर दहादा शब्द आला, दहादा तिने तो गिळला. तास संपला.

"पाच झाले," साहेब जरा ओशाळूनच म्हणाले. "काढू या ना मग?"

"काढा," सून म्हणाली.

बसस्टॉपवर सासरे हळूच म्हणाले, "माझ्यामुळे गेलं ना तुझं?"

"छे हो, बाबा. अवघडच होतं. बटण कुणाला दिसणार?"

"दिसलं की! बसल्या बसल्या दिसलं."

"मग उसवलं का नाही?"

"दुसऱ्याच्या कपड्याला न विचारता कात्री लावू? तासभर मालकालाच तर शोधत होतो. भलताच माणूस, कोट टाकून कुठे उलथला कोण जाणे."

सून कपाळाला हात लावून हसत सुटली. सगळं घर तिने भरलं होतं, मालक तेवढा बनवला नव्हता.

"एक सांग," सासऱ्यांचा आवाज खाली आला. "खालचं बटण दोन रेघांनी लावायचं, ही माझी खूण. कोट दुरुस्तीला आला की आपल्या हातचा ओळखू यावा म्हणून. तुझ्या सासूलाही कधी बोललो नाही. तुला कुठून कळलं?"

"सुईत दोरा कोण ओवून द्यायचं तुम्हाला? डोळे मिटून ओवत होते का मी?"

सासऱ्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकाच्या लक्षात नाही आलं, पोरी."

हिशेब असा झाला. साहेबांचे पाच तास गेले, चित्रकाराची दोन आठवड्यांची मेहनत गेली. सासऱ्यांचं काहीच गेलं नाही, उलट बसमध्ये चढताना ते जरा ताठच होते. कोड्याची बाकी सगळी किंमत सुनेने एकटीने भरली, आणि घासाघीस अशी केलीच नाही.